बस : बसणाऱ्याची आणि हांकणाऱ्याची

सोलापुरांत सात रस्त्याच्या थांब्यावर बस येऊन उभी राहिली, कीं तींत चढणाऱ्या मुलांची नजर रिकाम्या बांकाकडे जात नाहीं. ती जाते पुढच्या कांचेकडे. ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला इंजिनावरचें झांकण असतें, त्याच्या कडेला दांडा धरून उभें राहण्यापुरती जागा असते, आणि ती ज्याला मिळाली त्याला त्या दिवशीं दुसरें कांहीं नको असतें. मोठीं माणसें ही आवड लवकर विसरतात असा समज आहे. तो खरा नाहीं. एखादा पन्नाशीचा गृहस्थ, हातांत पिशवी, नाकावर चष्मा, समोर आलेली गाडी सोडून देतो आणि पुढच्या गाडीची वाट पाहात उभा राहतो. कारण विचारलें तर म्हणतो, "मागून येते ती रिकामी असते." खरें कारण निराळें असतें. मागून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर त्याच्या पसंतीचा असतो.

ही पसंती लहरीपणाची नव्हे. बसगाडीवर जीव टाकणारीं माणसें जगांत सर्वत्र आढळतात. त्यांचें प्रेम पुष्कळदां रंगावर, आवाजावर, गाडीच्या क्रमांकावर असल्यासारखें दिसतें. परंतु थोडें खोल गेलें, म्हणजे तें प्रेम एका अवघड कामगिरीवर असल्याचें कळून येतें. ही कामगिरी म्हणजे उभ्या राहिलेल्या पन्नास अनोळखी माणसांना, कोणाचाहि तोल जाऊं न देतां, ठरल्या वेळीं ठरल्या जागीं नेऊन पोंचविणें.

'बस' हा मुळांत शब्दच नव्हे. लॅटिन भाषेंत 'ऑम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठीं'. संस्कृतांतल्या 'सर्वेभ्यः' सारखें तें चतुर्थीचें अनेकवचन. फ्रान्समध्यें नांत या गांवीं १८२६ सालीं स्तानिस्ला बोद्री यानें वाटेंत चढउतार करणाऱ्या गाड्या सुरू केल्या, आणि अशा गाड्यांना हें नांव चिकटलें. पुढें लोकांनीं शब्दाचें डोकें उडवून नुसतें शेंपूट ठेवलें. आज जगभर जें उच्चारलें जातें तें केवळ विभक्तिप्रत्ययाचें टोंक आहे. मराठीनें मात्र त्याला न मागतां अर्थ देऊन टाकला : बस, म्हणजे बैस. गाडींत चढणाऱ्या निम्म्याअधिक लोकांना ती आज्ञा पाळतां येत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

कल्पना मात्र बोद्रीहून पुष्कळ जुनी. विख्यात गणिती ब्लेझ पास्कल याच्या पुढाकारानें १८ मार्च १६६२ रोजीं पॅरिस शहरांत भाड्याच्या घोडागाड्या ठराविक मार्गांवर धांवूं लागल्या. भाडें पांच सू. मार्ग ठरलेला, वेळ ठरलेली, आणि मुख्य म्हणजे गाडींत माणूस असो वा नसो, वेळ झाली कीं ती सुटणार. यांतल्या शेवटच्या अटीचें मोल फार मोठें आहे. तोंवर भाड्याची गाडी ही गिऱ्हाइकाची वाट पाहणारी वस्तु होती. पास्कलची गाडी ही गिऱ्हाइकानें विश्वासावी अशी वस्तु झाली. परंतु पॅरिसच्या न्यायसभेनें शिपाई, नोकरचाकर आणि मजूर यांना त्या गाड्यांत बसण्यास मनाई केली, आणि कांहीं वर्षांत तो सारा उपक्रम बुडाला. रिकामी असली तरी सुटावयाचें आणि कोणालाहि अडवावयाचें नाहीं, या दोन गोष्टी एकत्र नांदूं लागल्या तेव्हांच शहराची खरी बस जन्माला आली.

सोलापुराला या दोन्ही गोष्टींची गरज भासली ती गिरण्यांमुळें. १८७७ सालीं जुनी गिरणी सुरू झाली. मागोमाग नरसिंग गिरजी, विष्णु, लक्ष्मी या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि सूर्याऐवजीं भोंगा शहराचा दिवस ठरवूं लागला. तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकर, कानडी मुलखांतलीं कुटुंबें, आसपासच्या मराठी खेड्यांतून आलेले कामगार, या सर्वांना एकाच मिनिटाला एकाच फाटकाशीं पोंचावयाचें असे. त्या गिरण्या आतां बंद झाल्या आहेत, भोंगेहि थांबले. तरी वेळेची निकड संपलेली नाहीं. सोलापुरांत विडी वळणाऱ्या स्त्रिया हजारोंनीं आहेत. वळलेल्या विड्या कारखान्याच्या शाखेंत नेऊन द्यावयाच्या, त्या मोजून घेतल्या जाईपर्यंत थांबावयाचें, आणि पुढच्या कामाचीं पानें व तंबाखू घेऊन परतावयाचें, हा त्यांचा नेम. शहराबाहेर कुंभारीजवळ अशा दहा हजार विडी कामगार स्त्रियांसाठीं गोदूताई परुळेकर यांच्या नांवाची वसाहत झाली व २००६ सालीं तिचें उद्घाटन झालें. घर मिळालें, पण तें शहरापासून लांब मिळालें. लांब राहणाऱ्या बाईच्या दृष्टीनें बस आणि भाड्याची रिक्षा यांतला फरक भाड्यापुरता नसतो. शेअर रिक्षा भरली कीं सुटते. बस वेळ झाली कीं सुटते. जिची मजुरी विड्यांच्या नगावर ठरते, तिला रिक्षा भरण्याची वाट पाहण्यांत गेलेला अर्धा तास कोणीहि भरून देत नाहीं.

म्हणूनच सोलापूर महानगरपालिकेच्या परिवहन सेवेंतल्या धांवत्या गाड्या गेल्या कांहीं वर्षांत घटत गेल्या, याचें दुःख केवळ हौशी लोकांचें नव्हे.

पण हौसेची गोष्ट अर्धी सोडूं नये. बसमध्यें कोठें बसावें हें जाणत्यानें ठरवावें असें आहे. पुढच्या व मागच्या चाकांच्या बरोबर मध्यें जें आसन असतें, त्याला हादरा सर्वांत कमी. मागचें चाक खड्ड्यांतून इंचभर उसळलें तर मधल्या आसनाला त्याचा निम्माच भाग पोंचतो. परंतु मागच्या चाकांच्याहि पलीकडे जें शेवटचें लांब बांक असतें, तें इंचाहून अधिक उडतें, कारण सारी गाडी तेथें तरफेसारखी वागते. शाळकरी मुलें मुद्दाम तेंच बांक कां पकडतात याचें उत्तर यांत आहे, आणि आजीबाईंनीं तें कां टाळावें याचेंहि. आणखी एक नवल असें कीं, भरलेली बस रिकाम्या बसपेक्षां मऊ चालते. पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा पुऱ्या ओझ्याच्या हिशेबानें केलेल्या असतात. माणसें नसलीं कीं त्या ताठ राहतात आणि गाडी रस्त्यावर आदळूं लागते. रात्रीच्या शेवटच्या फेरींत दोनच उतारू असतांना जो खडखडाट होतो तो गाडी जुनी झाल्याचा नसतो. बहुधा ती एकटी पडल्याचा असतो.

आतां हांकणाऱ्याकडे वळावें. मोटार हांकणाऱ्याला बस हांकतां येईल असें वाटत असेल तर तो भ्रम आहे. मोटारींत पुढचीं चाकें बसणाऱ्याच्या पुढें असतात. शहरी बसमध्यें तीं पुष्कळदां ड्रायव्हरच्या खालीं किंवा कांहींशीं पाठीमागें असतात. त्यामुळें कोपऱ्यावर वळतांना त्याला आपलें स्वतःचें शरीर कोपरा ओलांडून पुढें, जवळ जवळ समोरच्या दुकानाच्या पायरीपर्यंत न्यावें लागतें, आणि मगच चक्र फिरवावें लागतें. नवशिका येथेंच घाबरतो. तो लवकर वळतो, आणि मागचीं चाकें कोपरा कापून कोणाच्या तरी सायकलीवर जातात. कारण मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या वाटेनें कधींच जात नाहींत, तीं आंतल्या बाजूनें जवळची वाट काढतात. नवी पेठेसारख्या दाटींत हें गणित दिवसांतून कितीतरी वेळां सोडवावें लागतें, आणि तेंहि हातगाड्यांच्या, गाईंच्या व पुढ्यांत थांबलेल्या रिक्षांच्या साक्षीनें.

जुन्या गाड्यांत याहून मोठी परीक्षा गिअरची असे. गिअरपेटींत दांत्यांचा वेग आपोआप जुळविणारी सोय नसे. खालचा गिअर घ्यावयाचा तर क्लच दाबून गिअर मोकळा करावयाचा, क्लच सोडावयाचा, रिकाम्या इंजिनाला अंदाजानें वेग द्यावयाचा, पुन्हां क्लच दाबावयाचा आणि मग दांडा ढकलावयाचा. ड्रायव्हर लोक याला 'डबल क्लच' म्हणतात. अंदाज चुकला तर दांते किंचाळत, आणि साऱ्या गाडीला तें ऐकूं जाई. अंदाज देणारें कोणतेंहि यंत्र नव्हतें. कान हेंच यंत्र. जे उतारू रोज त्याच गाडीनें जात, त्यांचाहि कान हळूहळू तयार होई, आणि पुलाचा चढ आला कीं दांडा पडण्याच्या क्षणीं तेहि मनांतल्या मनांत क्लच दाबीत. ड्रायव्हरच्या शेजारीं उभ्या राहणाऱ्या मुलाचें खरें शिक्षण होतें तें हें. शिवाय त्याच्या डाव्या गुडघ्याशीं धगधगणारें इंजिन, आणि सोलापूरचा वैशाख : बाहेर पारा ४० अंशांच्या वर गेलेला. आठ तास त्या भट्टीपाशीं बसून रागावर ताबा ठेवणाऱ्या माणसाविषयीं आदर वाटल्यावांचून राहात नाहीं.

तरी कसबाची खरी कसोटी ब्रेकवर लागते. मोठ्या गाड्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. ड्रायव्हरचा पाय चाकाला अडवीत नाहीं, तो फक्त झडप उघडतो, आणि किती उघडतो यावर सारें अवलंबून असतें. गाडी मंदावूं लागली कीं उभीं माणसें पुढें झुकतात. ती पूर्ण थांबण्याच्या क्षणीं तो अडविणारा जोर एकदम नाहींसा होतो, आणि झुकलेलीं शरीरें मागें फेंकलीं जातात. शेवटचा तो झटका म्हणजे हाच. अनाडी ड्रायव्हर थांबेपर्यंत सारख्याच जोरानें दाबून धरतो. जाणता लवकर दाबतो, आणि शेवटच्या दोनतीन हातांत पाय अलगद उचलीत नेतो, इतका कीं गाडी थांबली हें हवेच्या सुस्काऱ्यावरून कळावें, धक्क्यावरून नव्हे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेंत सात उंच नंदीध्वज मिरविले जातात. ते पेलणारे मानकरी पाऊल टाकतांना जी काळजी घेतात ती ज्यानें पाहिली असेल त्याला हें लवकर समजेल. काठीचें ओझें कमरेवर असतें, पण डोळे तिच्या टोंकावर. पायाची चूक वरती दहापट होऊन दिसते. बसच्या ड्रायव्हरची काठी त्याच्या पाठीमागें असते, एवढाच फरक. तो ती पाहात नाहीं, फक्त आरशांत तिचे चेहरे दिसतात.

आणि पाठीमागें असतो कंडक्टर. घंटेचा एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोघांचें दिवसभराचें संभाषण या दोन शब्दांत आटोपतें. उतारूंशीं मात्र त्याला भाषा पुरत नाहींत. 'पुढें सरका' हें वाक्य सोलापुरांत 'मुंदक होग्री' असें कानडींत आणि 'मुंदुकु जरगंडी' असें तेलुगूंत म्हणतां आलें तर गाडी लवकर सुटते. 'आगे बढो' तर आहेच. थांब्यांचीं नांवेंहि तोच पुकारतो. 'चार पुतळा' असें तो ओरडतो तेव्हां १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशीं गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चार सोलापूरकरांची आठवण कितीजणांना होते, कोण जाणे. पण त्या चौघांना रोज हांक पडते ती प्रथम बसमधून.

बसगाडीवरचें असलें प्रेम चारचौघांत उघडें झाल्याचें दृश्य अलीकडे मुंबईनें पाहिलें. तेथें मोटारबस १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर सुरू झाली, आणि १९३७ सालीं दुमजली गाडी आली. वरच्या मजल्यावरच्या पुढच्या बांकासाठीं मुंबईच्या तीन पिढ्या धांवल्या. १५ सप्टेंबर २०२३ रोजीं डिझेलवरची शेवटची दुमजली बस निघाली तेव्हां लोकांनीं तिला हारफुलांनीं सजवून निरोप दिला. विजेवर चालणाऱ्या दुमजली गाड्या त्याच वर्षीं फेब्रुवारींत रस्त्यावर आलेल्या होत्या. म्हणजे निरोप दुमजलीपणाला नव्हता. तो त्या आवाजाला, त्या उघड्या खिडकीच्या वाऱ्याला होता.

विजेची बस अनेक दृष्टींनीं सरस आहे यांत वाद नाहीं. धूर नाहीं, गुडघ्याशीं भट्टी नाहीं, गिअर नाहींत; पायाखालचा जोर पहिल्या क्षणापासून पुरा मिळतो. नेमकें येथेंच सावध असावें लागतें, कारण तोच जोर आडदांड पायाच्या हातीं पडला तर उभ्या म्हातारीला पहिल्याच क्षणीं मागें फेंकतो. पाय उचलतांच मोटर उलट वीज निर्माण करूं लागते आणि गाडी ब्रेकविना मंदावते. म्हणून उचलणेंहि आतां दाबण्याइतकेंच जपून करावें लागतें. कानाचें काम पुष्कळ कमी झालें. पायाचें मात्र वाढलें. डबल क्लच येणाऱ्या जुन्या माणसांना हें नवें वळण शिकावें लागतें, आणि त्यांतले कित्येक तें तरुणांपेक्षां लवकर शिकतात, असें म्हणण्यास आधार आहे तो एवढाच कीं आरशांतले चेहरे पाहण्याची संवय त्यांना आधींपासून असते.

एक जुनें काम मात्र दोन्ही गाड्यांना सारखेंच आहे. मागच्या बाजूला प्रत्येक अंगास दोन दोन चाकें जोडीनें असतात, आणि त्यांतलें आंतलें चाक बसलें तरी बाहेरून दिसत नाहीं. बाहेरचें त्याला झांकून उभें असतें. म्हणून पहिली फेरी निघण्यापूर्वीं, अजून अंधार असतांना, ड्रायव्हर हातांत लोखंडी दांडा घेऊन गाडीभोंवतीं फिरतो आणि प्रत्येक चाकावर एकेक ठोका देतो. भरलेलें चाक टणक वाजतें, बसलेलें भद्द वाजतें. डेपोच्या फाटकाशीं पहिल्या गाडीसाठीं थांबलेल्या बायांना तो आवाज ओळखीचा असतो. सहा ठोके एकसारखे वाजले, कीं त्या खालीं ठेवलेल्या टोपल्या उचलतात.