डोळा उघडायच्या आत

गच्चीवरच्या बारा कुंड्यांपैकी पाच सध्या वाळल्यासारख्या दिसतात. येणारे-जाणारे हळहळतात, “पाणी घालायचं राहिलं काय हो?” मी सिकेटर पुसत हसते. माझ्या वामनवृक्षांना वर्षातून एकदाच मोठी कातरी लागते, ती याच दिवसांत.

बोन्साय म्हणजे उथळ थाळीतली लागवड. कला चीनची, नाव जपानी, पुस्तकंही बरीचशी तिकडचीच. त्यांत लिहिलेलं असतं, पानझडी झाडं हिवाळ्याच्या शेवटी छाटा. पण तिकडचा मेपल पानं टाकतो थंडीपायी. आपल्याकडची झाडं टाकतात ती मुख्यतः पाणी वाचवायला, त्यामुळे आपली पानगळ थंडी ओसरून उन्हं तापायला लागली की सुरू होते. हे मला कळलं ते चिंचेची एक फांदी गमावून. पुस्तकात जानेवारी होता म्हणून ऐन पौषात, हिरव्या पानांनिशी छाटली. जखम भरेना. फांदी टोकापासून वाळत थेट खोडापर्यंत आली.

तेव्हापासून मी तारीख बघत नाही, डोळा बघते. पिंपळाचं पान गळालं की फांदीच्या टोकाला अणकुचीदार कोंब उरतो, पातळ आवरणात गुंडाळलेला. तो घट्ट मिटलेला आहे तोवर छाटायचं. फुगून आवरण सुटू लागलं म्हणजे खोडामुळांतला साठा वर चढला. मग छाटलेल्या फांदीबरोबर तोही कचऱ्यात जातो.

ही वेळ आमच्या एका जिल्ह्यातही एक नसते. बुलडाणा घाटावर, सुमारे ६५० मीटर उंचीवर. राजूर घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूर गाठलं की अंगातला स्वेटर काढावा लागतो. तिथल्या धाकट्या बहिणीचा दरवर्षी फोन येतो, “ताई, माह्या उंबराले कोंब आले. तुह्याले?” माझा उंबर तेव्हा झोपलेला असतो.

बोडक्या झाडाचा सांगाडा लख्ख दिसतो, म्हणून काय काढायचं तेही कळतं. एकमेकींवर घासणाऱ्या, सरळ आभाळात घुसणाऱ्या आणि एकाच जागेतून फुटलेल्या दोन फांद्यांपैकी एक, एवढ्या आधी जातात. उरलेल्या आखूड करताना बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधायचा आणि त्याच्या जरा वर तिरपा काप द्यायचा. नवी फांदी त्या डोळ्याच्या दिशेनंच निघते. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा उडवला की ते जागे होतात, एका फांदीच्या दोन होतात, दोनाच्या चार. फांद्या बारीक होत जातात तशी पानंही लहान होतात. माझ्या जुन्या पिंपळाचं पान आता कुंकवाच्या डबीएवढं येतं.

वड, पिंपळ, उंबर कापले की पांढरा चीक वाहतो. ओलं फडकं दाबून धरायचं, थांबतो. पानं नसताना झाड पाणी कमी पितं, म्हणून माती चाचपूनच पाणी घालायचं. खत मात्र नवी पानं पक्की होईपर्यंत नाही.

पहिल्या वर्षी सासूबाई कडाडल्या होत्या, “पिंपळाले कातरी लावतं काय वं?” हा पिंपळ आमच्याच मोरीच्या भिंतीतून उपटलेला. भिंतीत राहिला असता तर भिंत फुटली असती, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी तह झाला : आधी त्या हळदकुंकू वाहणार, मग मी छाटणार.

यंदा मलकापूरला लग्नात चार दिवस गेले. परतल्यावर चप्पल काढते तोच त्या म्हणाल्या, “तुह्या पिंपळानं डोळा उघडला.” वर जाऊन पाहिलं. आवरण गळून पडलं होतं, तांबूस पान अर्धं उलगडलेलं. हळदकुंकवाची वाटी कठड्यावर तशीच होती. मी सिकेटर खिळ्याला अडकवलं आणि शेजारच्या चिंचेकडे वळले. तिची पानं अजून गळत होती.