पोच हाती आल्याशिवाय

मुलांचा शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेची फी, विजेचे बिल, आगगाडीचे आरक्षण, घरोघरची ही कामे आता पडद्यावरूनच होतात. रकाने भरून आपण ‘सादर करा’ हे बटण दाबतो, एक चक्र फिरू लागते आणि आपला जीव टांगणीला लागतो. त्या क्षणी नेमके काय घडते, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे असे आहे.

वेबपृष्ठ आपल्या यंत्रावर दिसते. अर्ज स्वीकारणारा सर्व्हर मात्र दूर कोठेतरी असतो. पूर्वी बटण दाबले की अर्ज जाई आणि उत्तरादाखल संपूर्ण नवे पृष्ठ येई. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट या भाषेचे पहिले रूप अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केले. १९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत, पृष्ठ जागचे न हलवता सर्व्हरशी पत्रव्यवहार करण्याची सोय आली. २००५ साली जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीचे ‘एजॅक्स’ असे नामकरण केले. आज हेच काम बहुधा ‘फेच’ ही आज्ञा करते.

तिची रीत टपालासारखीच आहे. रकान्याचे नाव आणि त्यातील मजकूर अशा जोड्या लावून जावास्क्रिप्ट बहुधा ‘जेसन’ नावाच्या ठरावीक नमुन्यात पत्र तयार करते. ‘गेट’ पद्धतीत मजकूर पत्त्याच्या ओळीतच लिहिला जातो. म्हणून अर्जासाठी ‘पोस्ट’ पद्धत योजतात. तीत मजकूर पत्त्यापासून वेगळा, लिफाफ्यात घातल्यासारखा जातो. सर्व्हर तो तपासतो, नोंदवितो आणि उत्तरात एक आकडा धाडतो. २०० म्हणजे ठीक, ४०० म्हणजे पाठविलेल्या मजकुरात दोष, ५०० म्हणजे सर्व्हरवरच बिघाड.

खरी गोम येथेच आहे. उत्तर आले, एवढ्यावरच ‘फेच’ समाधान मानते. ५०० आला तरी तिच्या लेखी पत्रव्यवहार पुरा झाला. आकडा वाचून पाहण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची. त्याने हयगय केली, तर अर्ज नाकारला गेला असतानाही पडद्यावर ‘धन्यवाद’ झळकते. याच्या उलटही घडते. अर्ज पोचतो, नोंद होते, पण उत्तर वाटेतच हरवते. आपण अधीर होऊन पुन्हा बटण दाबतो आणि एकाच फीचे पैसे दोनदा जाण्याची पाळी येते. दक्ष प्रोग्रॅमर प्रत्येक अर्जासोबत स्वतंत्र क्रमांक जोडतो. तोच क्रमांक पुन्हा आला की सर्व्हर दुसरी नोंद करीत नाही. परंतु ही दक्षता सर्वत्र घेतलेली असतेच असे नाही.

आपली मुले पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत प्रवेशासाठी अर्ज करतात, तेव्हा खिडकीपाशी जाऊन चौकशी करण्याची सोय आपल्याला नसते. म्हणूनच काही पथ्ये पाळावीत. ‘धन्यवाद’ या शब्दावर विसंबू नये. सर्व्हरने दिलेला अर्जक्रमांक उतरवून घ्यावा. चक्र फिरतच राहिले तर पुन्हा बटण दाबण्यापूर्वी आपल्या खात्यातील अर्जांची यादी आणि बँकेची नोंद पाहावी. अखेरच्या तारखेची वाट तर मुळीच पाहू नये.

रजिस्टर पत्राची पोच वडीलधारी माणसे वर्षानुवर्षे जपून ठेवीत. टपालाची रीत बदलली, तरी पाठविणे आणि पोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही त्यांची जाण आपल्या मुलांनाही द्यावयास हवी.