विश्लेषण : घरच्या टेबलावर अनोळखी पाहुणे... ‘सपर क्लब’ला नियम लागू होतात का?

समाजमाध्यमावर तारीख जाहीर होते, दहा-बारा जागा भरतात, पैसे आधी जमा होतात आणि घराचा पत्ता सर्वांत शेवटी कळतो. पुण्यासारख्या शहरांत ओळखीच्या होत चाललेल्या या घरगुती जेवणाला ‘सपर क्लब’ म्हणतात. घर खासगी असले, तरी पैसे घेऊन ताट वाढले की कायदा उंबरठ्याच्या आत येतो.

सपर क्लब म्हणजे नेमके काय?

हे हॉटेल नाही आणि केटरिंगही नाही. बेत यजमान ठरवतो, मेन्यू कार्ड नसते, एकमेकांना न ओळखणारी माणसे एकाच टेबलावर बसतात. हॉटेलांत सहसा न मिळणारे एखाद्या समाजाचे किंवा प्रांताचे घरचे जेवण हे मुख्य आकर्षण. राज्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईचे. मुनाफ कपाडिया यांनी २०१४ मध्ये कुलाब्यातील घरी आई नफिसा यांच्या हातचा बोहरी थाळ पैसे देणाऱ्या पाहुण्यांसाठी मांडला. त्यातून ‘द बोहरी किचन’ उभे राहिले. क्युबात अशी घरगुती उपाहारगृहे ‘पालादार’ म्हणून ओळखली जातात. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारने त्यांना परवानगी दिली, पण खुर्च्या मात्र बाराच!

पुण्याला हे नवे आहे का?

नाव नवे, पद्धत नाही. शिकायला आलेले गरीब विद्यार्थी इथे माधुकरी मागत किंवा वार लावून, म्हणजे आठवड्याच्या सात दिवशी सात घरी, जेवत. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची सुरुवातही माधुकरीच्या आधारावर झाली. पुढे पेठांतल्या घरगुती खानावळी आल्या. महिन्याचे पैसे भरायचे आणि वाढतील ते जेवायचे. अनेक घरांचा संसार बाईने चालवलेल्या अशा खानावळीवर तरला. मात्र वार कोणाला मिळणार, हे बहुतेक वेळा जात पाहून ठरे. आज पैसे भरणारा कोणीही बसू शकतो, हा फरक लहान नाही.

नोंदणी लागते का?

लागते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधील ‘अन्न व्यवसाया’ची व्याख्या नफ्याच्या आणि बिननफ्याच्या, खासगी आणि सार्वजनिक अशा सर्वच उपक्रमांना लागू होते. ‘आम्ही फक्त खर्च वाटून घेतो’ हे उत्तर त्यामुळे पुरत नाही. २०११ च्या नियमावलीतील परिशिष्ट ४ मध्ये तर घरगुती खानावळी व डबेवाल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

याच नियमावलीने लहान व्यावसायिकांसाठी वार्षिक १२ लाख रुपये उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये नोंदणी शुल्क ठरवले. एक ढोबळ हिशेब मांडू. दहा पाहुणे, माणशी १,५०० रुपये, महिन्यातून दोन बैठका धरल्या, तर वर्षाची उलाढाल ३ लाख ६० हजार होते. म्हणजे बहुतेक घरे या मर्यादेच्या बरीच खाली राहतील. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. अन्नातून अपाय झाला, तर कायद्याच्या कलम ६५ नुसार भरपाई द्यावी लागू शकते. मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी १ लाखापर्यंत. शंभर रुपये वाचवण्यात शहाणपण नाही, ते यासाठी.

खरी अडचण कुठे येते?

सिलिंडरपाशी. घरगुती वापराचा १४.२ किलोचा गॅस सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही; त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर असतो. घरच्याच ओट्यावर, घरच्याच शेगडीवर होणाऱ्या स्वयंपाकात ही रेषा कोणी पाळायची, हा प्रश्न अनेक यजमान टाळतात. पण काही घडलेच, तर पहिली विचारणा याचीच होईल.

दुसरी अडचण सोसायटीची. निवासी सदनिकेत नियमित व्यवसाय म्हटला, की वापर बदलाचा मुद्दा निघतो. प्रत्यक्षात भांडण पेटते ते पार्किंगवरून, लिफ्टमधल्या अनोळखी चेहऱ्यांवरून आणि काही ठिकाणी मासळीच्या वासावरून. समितीला आधी लेखी कळवलेले बरे. जेवणाबरोबर मद्य द्यायचे असेल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना वेगळा. त्यापेक्षा सोलकढी सोपी.

पाहुण्यांनी काय पाहावे?

नोंदणी क्रमांक मागावा. त्यात संकोच नको. पैसे परत मिळण्याची अट आधी वाचावी. सुरमई सकाळीच आणलेली असते, दहापैकी तिघे संध्याकाळी आले नाहीत तर तो तोटा यजमानाच्याच अंगावर पडतो. त्यामुळे आयत्या वेळी रद्द केल्यास पैसे न देण्याची अट अनेकदा असते. अॅलर्जी असेल, तर ती जागा राखतानाच सांगावी. मराठी स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट कोशिंबिरीपासून भरल्या वांग्यापर्यंत कुठेही असते आणि ताट समोर आल्यावर ते वेगळे काढता येत नाही.