महिला रग्बी लीग : प्राथमिक परिचय

महिला रग्बी लीग हा प्रत्येकी तेरा खेळाडूंच्या दोन संघांत लंबगोल चेंडूने खेळला जाणारा मैदानी खेळ आहे. चेंडू हातात घेऊन धावत जाणे व तो प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवणे, हे या खेळाचे मुख्य उद्दिष्ट होय. भारतात ‘रग्बी’ या नावाने जो खेळ शिकवला जातो, तो बहुधा रग्बी युनियन असतो आणि त्यातही सात खेळाडूंचा प्रकार अधिक रूढ आहे. त्यामुळे नवशिक्या मुलीचा गोंधळ नावापासूनच सुरू होतो.

उगम

इंग्लंडच्या उत्तर भागातील संघांत खाणी व गिरण्यांतील कामगार मोठ्या संख्येने खेळत. सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यांना मिळावी की नाही, या वादातून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे हे संघ मूळ संघटनेतून बाहेर पडले. पुढे त्यांनी नियमही बदलले आणि एका संघातील खेळाडू पंधरावरून तेरा केले. महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा मात्र २००० साली ग्रेट ब्रिटनमध्ये झाली. ती न्यूझीलंडने जिंकली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मँचेस्टर येथे झालेल्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडचा ५४–४ असा पराभव केला.

खेळाची रीत

महाराष्ट्रातील मुलींना हा खेळ समजावून घेण्यास कबड्डीचा मोठा आधार होतो. समोरून येणाऱ्या खेळाडूला धरून रोखणे, शेजारणीशी ताळमेळ राखून फळी सांभाळणे, या गोष्टी त्यांना नव्या नसतात. मुख्य भेद असा, की कबड्डीत चढाई करणारी खेळाडू पकडीत अडकली आणि मध्यरेषेपर्यंत पोहोचली नाही, तर ती बाद होते. येथे पकडले जाणे म्हणजे बाद होणे नव्हे. पकड पूर्ण झाल्यावर प्रतिपक्षाने तिला सोडावे लागते. ती उठून उभी राहते, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवते आणि मागे उभी असलेली सहकारी तो उचलून पुढील चाल सुरू करते. बचाव करणाऱ्या बहुतेक खेळाडूंना या वेळी दहा मीटर मागे जावे लागते.

अशा सहा पकडी झाल्या, की चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. म्हणून पाचव्या पकडीनंतर चेंडू लाथेने दूर धाडण्याची पद्धत आहे. हाताने दिलेला पास पुढच्या दिशेने चालत नाही. नवशिक्या खेळाडूंना सर्वांत अवघड जाते ते हेच, कारण पळायचे पुढे आणि चेंडू द्यायचा बाजूला किंवा मागे. चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणे म्हणजे ‘ट्राय’. त्याचे ४ गुण. त्यानंतरच्या यशस्वी किकचे २, पेनल्टी गोलचे २ आणि चालू खेळात मारलेल्या ड्रॉप गोलचा १ गुण मिळतो.

पकडीचे शिक्षण

कबड्डीची सवय येथे घातकही ठरू शकते. वाकून, डोके पुढे घालून घोटा धरण्याचा प्रयत्न धावत्या खेळाडूपुढे केल्यास गुडघा थेट डोक्यावर बसतो. रग्बी लीगमध्ये खांदा प्रतिपक्षाच्या कंबर-मांड्यांच्या पातळीवर टेकवावा, दोन्ही हातांनी घट्ट वेढा घालावा आणि डोके तिच्या शरीराच्या बाजूला ठेवावे, पुढे कधीही नव्हे. मान व डोक्यावरील पकड नियमबाह्य आहे. हे शिक्षण प्रथम गुडघ्यांवर बसून, मग चालत आणि शेवटी धावत द्यावे. घाई करणारा प्रशिक्षक टाळलेला बरा. डोक्याला मार लागून गरगरल्यासारखे वाटल्यास खेळाडूने मैदान सोडावे व त्या दिवशी पुन्हा उतरू नये. दातांचे कवच वापरावे. बांगड्या, कानांतले, पैंजण, मंगळसूत्र हे सर्व काढून ठेवावे.

साकीनाक्यासारख्या दाट वस्तीत गवताचे प्रशस्त मैदान दुर्मीळ. सिमेंटच्या किंवा खडकाळ जागेवर पकडीचा सराव करूच नये. तेथे केवळ स्पर्शाने चाल थांबवण्याचा ‘टच’ प्रकार खेळता येतो. पास देणे, रांग धरणे व मागे हटणे एवढे त्यातून उत्तम शिकता येते.

महाराष्ट्रातील स्थिती

राज्यातील महिला रग्बी ही युनियनचीच आहे. पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने जून २०१९ मध्ये मनिला येथे सिंगापूरला २१–१९ असे हरवले. पंधरा जणींच्या प्रकारातील भारताचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात व्यावसायिक रग्बी प्रीमियर लीग भरली. साकीनाक्याहून त्याच मेट्रो मार्गावर आझादनगर स्थानकाजवळ हे संकुल आहे. स्पर्धा मात्र पुरुष संघांची होती. युनियनमध्ये घडलेल्या खेळाडूला पास आणि पकड नव्याने शिकावी लागत नाही. तिला लावून घ्यावी लागते ती पकडीनंतर चेंडूवर झुंबड न करता उठून उभे राहण्याची आणि सहापर्यंत मोजण्याची सवय.