आत्याची पुतळी आणि रोमन सम्राट

दिवाळीला चकलांब्याला गेले होते. आत्याने पेटीतून पुतळ्यांची माळ काढली आणि एक पुतळी माझ्यापुढे धरली. "तू नाण्यांचा अभ्यास करतीस ना? मग सांग, ह्या दोघांत देव कोणता?" आधी हसूच आलं. पण हा तर थेट माझ्या पीएचडीचा प्रश्न!

पुतळीचं मूळ आहे व्हेनिसचा डुकाट. १२८४ पासून पाडलेलं, साधारण साडेतीन ग्रॅमचं सोन्याचं नाणं. त्यावर संत मार्क उभा आहे आणि व्हेनिसचा प्रमुख गुडघे टेकून त्याच्याकडून निशाण घेतोय. व्यापारातून ते आपल्याकडे आलं, लोकांना आवडलं, आणि आपले कारागीर तसंच घडवू लागले. लॅटिन येत नसल्यामुळे अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या.

त्याच्या कितीतरी शतकं आधी, पाचव्या-सहाव्या शतकात, रोमन 'सॉलिडस'चंही असंच झालं होतं. हे साडेचार ग्रॅमचं नाणं, एका रोमन पौंड सोन्यात ७२ बसायची. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या अक्कीआलूरला सापडलेल्या साठ्यात अस्सल सॉलिडसही आहेत आणि त्यांच्या नकलाही. मग नक्कल घडवली कुठे, हे ओळखायचं कसं?

पहिली खूण अक्षरांची. मागच्या बाजूला खाली 'कोनोब' असं लिहिलेलं असतं, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल आणि शुद्ध सोनं. तिथे काड्या आणि गोल दिसले की ठसा कोरणाऱ्याला वाचता येत नव्हतं हे कळतं. पण असे न वाचणारे कारागीर युरोपातही होते, त्यामुळे एवढ्यावर भारत म्हणता येत नाही.

दुसरी खूण भोकांची. इथल्या बऱ्याच नाण्यांना सम्राटाच्या डोक्यावर दोन भोकं असतात, म्हणजे गळ्यात घातल्यावर चेहरा सरळ राहतो. (तेरला रोमन नाण्यांसारखी मातीची पदकं मिळालीत, ती याच्याही आधीची. हौस जुनी आहे!) मात्र भोकं अस्सल नाण्यांनाही आहेत. ती नाणं वापरलं कुठे ते सांगतात, घडवलं कुठे ते नाही.

मग धातू तपासू, असं सगळेच म्हणतात. एक्सआरएफ यंत्र नाण्याला धक्का न लावता धातू सांगतं, पण फक्त वरच्या पातळ थराचा. पाण्यात वजन करून घनता काढली तर अख्ख्या नाण्याचा अंदाज येतो; शुद्ध सोन्याची घनता १९.३, भेसळ वाढली की ती उतरते. खरी अडचण पुढे आहे. सोनाराने अस्सल सॉलिडस वितळवूनच नक्कल घडवली असेल तर? सोनं रोमन, हात इथला!

म्हणून मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो ठसा. एकाच ठशातून निघालेली दोन-तीन नाणी दख्खनमध्येच वेगवेगळ्या ठिकाणी मिळाली आणि बाहेर कुठेच नाहीत, तर कारखाना इथलाच असण्याची शक्यता खूप वाढते. पण त्यासाठी नाणं नेमकं कुठे सापडलं ते माहीत हवं. नांगराला लागलेलं नाणं गुपचूप मुशीत गेलं की हा धागा तुटला. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कळवतात किती जण, ते सोडा.

आत्याला विचारलं, पुतळ्या कुठून आल्या? "सासूबाईंच्या. मधी दोनदा मोडून नव्या केल्या."

म्हणजे तिथेही धागा तुटलेलाच. तरी प्रत्येक पुतळीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला, वजन केलं आणि कागद तिच्याच पेटीत ठेवून आले. आणि हो, देव दोघांतला एकही नाही हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "असू दे, इतकी वर्षं हळदीकुंकू लावलंय."