दांताची टोपी आणि दांतांचा पूल

श्रोतेहो, "३२ दांतांपैकीं एक गेला, तर बिघडलें कोठें?" असा हिशेब पुष्कळजण करितात. मींही एकदां केला होता. खालची एक दाढ काढविल्यावर ती जागा कित्येक वर्षें मोकळीच ठेविली. पुढें तिच्या मागची दाढ त्या खिंडाराकडे कलली. आणि खालीं टेकावयास कांहीं न उरल्यामुळें वरची दाढ आपली जागा सोडून हळूहळू खालीं उतरली. तेव्हां माझी वजाबाकी चुकल्याचें ध्यानांत आलें. दांत हे सुटे मणी नव्हेत. कमानींतील दगडांप्रमाणें ते परस्परांना जागच्या जागीं धरून ठेवितात.

दांत किडला किंवा फुटला, पण त्याचें मूळ शाबूत असलें, तर त्यावर टोपी बसवितां येते. त्याकरितां दांत सर्व बाजूंनीं सुमारें १ ते २ मिलिमीटर घासतात, त्याचा ठसा घेतात आणि त्या मापाची टोपी सिमेंटनें पक्की बसवितात. ही टोपी सोन्याच्या मिश्रधातूची, चिनी मातीची, धातूवर चिनी मातीचा थर दिलेली अथवा अलीकडे झिर्कोनियाची असते. रूट कॅनाल केलेली किडकी दाढ चावतांना दुभंगण्याचें भय असतें. म्हणून तिला बहुधा टोपी घालावीच लागते.

दांत मुळासकट गेला असेल, तर पुलाचा उपाय आहे. रिकाम्या जागेच्या दोहों बाजूंच्या दांतांवर टोप्या घालून त्यांमध्यें कृत्रिम दांत जोडलेला असतो. ही कल्पना फार जुनी आहे. इटलींतील एट्रुस्कन लोक ख्रिस्तपूर्व काळींच सोन्याच्या पट्ट्यांनीं कृत्रिम दांत शेजारच्या दांतांस बांधीत असत.

मात्र पुलासाठीं दोन शेजाऱ्यांना घासावें लागतें, आणि घासलेलें कवच पुन्हां उगवत नाहीं. शेजारचे दांत निरोगी असल्यास, जबड्यांत टायटेनियमचा स्क्रू बसवून त्यावर दांत उभारणें शक्य आहे काय, हें दंतवैद्यास आधीं अवश्य विचारावें. स्वीडनमध्यें ब्रोनेमार्क यांनीं १९६५ सालीं असा पहिला रुग्ण हाताळला.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. टोपीला कीड लागत नाहीं, परंतु टोपीखालच्या दांतास लागते. हिरडीलगतची कड रोज नीट घासावी, आणि पुलाखालून दोरा ओवून अडकलेलें अन्न काढावें.

माझ्या पुलापूर्वीं वरची उतरलेली दाढ घासून समपातळींत आणावी लागली, आणि मागची कललेली दाढही नेहमींहून अधिक घासावी लागली. एका दाढेच्या आळसाचा भुर्दंड असा इतर दाढांस पडला. श्रोत्यांनीं माझ्याहून बरा हिशेब करावा.