स्वस्तांतला दूरध्वनि
चिखली-मेहकरसारख्या गांवीं चार मेजांची कचेरी चालविणाऱ्यास दूरध्वनियंत्रणेचा खर्च जड वाटतो. हीच अडचण १९९९ सालीं अमेरिकेंत मार्क स्पेन्सर या तरुणास आली. विकतची यंत्रणा परवडेना, म्हणून त्यानें 'अ‍ॅस्टेरिस्क' ही संगणकप्रणाली स्वतः रचिली व सर्वांस मोफत दिली. जुना संगणक, राउटर व मोबाइलमधील मोफत ॲप एवढ्या सामग्रीवर या मेजावरून त्या मेजाशीं विनाखर्च बोलतां येतें. बाहेरची लाइन मात्र परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी.

वाचकहो, दोन पथ्यें विसरूं नयेत. वीज गेली कीं हा दूरध्वनि मुका होतो. म्हणून इन्व्हर्टर जोडावा. पासवर्डही अवघड ठेवावा. नाहीं तर चोर आपल्या लाइनीवरून परदेशीं बोलतो आणि बिल आपल्या दारीं येतें. सावधपणावांचून केलेली काटकसर शेवटीं महागच पडते.